भर उन्हात दिसावा, रात्री खुपू नये
वाचकांचे प्रश्न : विमानाच्या कॉकपिटमधले पडदे

कॉकपिटमधल्या पडद्यांविषयी आलेल्या पत्रांपैकी नऊ पत्रांना या वेळी उत्तरे देत आहोत. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत. पडद्याच्या उजेडाचे आकडे 'निट'मध्ये आहेत. १ निट म्हणजे प्रति चौरस मीटर १ कॅन्डेला. घरातला साधा टीव्ही ३०० ते ५०० निटचा असतो, हे डोळ्यासमोर ठेवले की पुढचे आकडे समजायला सोपे जातील.

प्रश्न : १५ इंची, १००० निटचे औद्योगिक एलसीडी पॅनेल हल्ली सहज मिळते. प्रवासी विमानातल्या पडद्यांचा उजेडही साधारण तेवढाच असतो, असे वाचले. मग तेच पॅनेल मजबूत खोक्यात बसवून का चालत नाही? कमी पडलेच तर १५०० निटचे घेता येईल.
– इलेक्ट्रॉनिक्स पदविकेचा विद्यार्थी, पुणे

पॅनेल बंद करून त्याच्यासमोर उभे राहा आणि काचेत स्वतःचा शर्ट किती स्पष्ट दिसतो ते बघा. तुमच्या प्रश्नाचे निम्मे उत्तर त्या प्रतिबिंबात आहे.

वैमानिकाचा शर्ट पांढरा असतो. ढगांच्या वर, बाजूच्या खिडकीतून त्याच्यावर थेट ऊन पडले की प्रकाश एक लाख लक्सच्या घरात जातो आणि तो शर्ट सुमारे २५,००० निटचा दिवा होतो. समोरचा पडदा त्या शर्टाचा आरसा बनतो. काच आणि हवा जिथे भेटतात त्या प्रत्येक पृष्ठभागावरून सुमारे ४ टक्के प्रकाश परततो. संरक्षक काचेची बाहेरची बाजू, तिची आतली बाजू आणि मधल्या हवेच्या फटीपलीकडचा पॅनेलचा पृष्ठभाग, असे तीन झाले. म्हणजे १२ टक्के. २५,००० चे १२ टक्के ३,००० निट. पॅनेल १००० निटचे असेल तर पांढरा भाग ४,००० निट आणि 'काळा' भाग ३,००० निट दिसेल. प्रमाण १.३ ला १. अक्षरे धुऊन निघतात. १५०० निटचे पॅनेल लावले तर हे प्रमाण १.५ होते. वीज आणि उष्णता दीडपट झाली, हाती मात्र फारसे काही लागले नाही.

आता हेच परावर्तन १ टक्क्यावर आणा. काळा भाग २५० निट, पांढरा १२५०, प्रमाण ५ ला १. पॅनेल तेच, अक्षरे व्यवस्थित वाचता येतात. म्हणून कॉकपिटसाठी पॅनेल तयार करताना आधी हवेची फट बुजवतात आणि बाहेरच्या काचेवर परावर्तनरोधक लेप देतात. उजेड वाढवण्याचा विचार त्यानंतर.

फट बुजवण्याला ऑप्टिकल बाँडिंग म्हणतात. काचेच्या जवळपास अपवर्तनांक असलेले पारदर्शक सिलिकोन दोन भागांत येते. ते मिसळून निर्वात पात्रात बुडबुडे यायचे थांबेपर्यंत ठेवायचे. पॅनेलच्या कडेने घट्ट सिलिकोनचा बांध घालायचा, आत अर्धा ते एक मिलिमीटर थर बसेल एवढे सिलिकोन ओतायचे आणि संरक्षक काच एका कडेवर टेकवून हळूहळू आडवी करायची, म्हणजे हवा पुढे ढकलली जाते. हे सगळे धूळमुक्त खोलीत. एक तंतू अडकला तरी तो कायमचा तिथेच राहतो, आणि नेमका उंचीच्या आकड्यावर राहतो.

बिघडते ते तीन ठिकाणी. पहिले, घाईने तापवून सुकवले किंवा कडक होणारा गोंद वापरला तर तो आक्रसताना पॅनेलची पुढची काच ओढतो. आतल्या दोन काचांमधले अंतर जेमतेम ४ मायक्रॉन असते. ते किंचित बदलले की कोपऱ्यात पिवळट डाग दिसतो. दुसरे, सूक्ष्म बुडबुडा. जमिनीवर तो दिसतही नाही. केबिनची हवा गेली आणि ४०,००० फुटांवरचा दाब आत आला, म्हणजे समुद्रसपाटीच्या पाचव्या हिश्शाहूनही कमी, की तो फुगतो आणि थर सुटायला लागतो. डीओ-१६० या चाचणी-मानकात अशा अचानक दाब जाण्याची चाचणी आहे ती याचसाठी.

तिसरे ठिकाण खोक्याचे, आणि ते सर्रास दुर्लक्षित राहते. ॲल्युमिनियम काचेच्या सहा-सात पट प्रसरण पावते. जमिनीवर उभ्या विमानासाठी उणे ५५ ते अधिक ८५ अंश सेल्सिअस हा टप्पा धरला तर ३०० मिलिमीटर रुंदीची ॲल्युमिनियमची चौकट जवळपास १ मिलिमीटर लांबी बदलते, काच ०.१५. उरलेले ०.८ मिलिमीटर कुठेतरी जिरायला हवे. पॅनेल स्क्रूने आवळले तर ते काचेत जिरते, आणि तडा जातो. म्हणून पॅनेल सिलिकोनच्या पट्टीवर तरंगते ठेवतात. चौकटीला फक्त एका कोपऱ्यात मोजमापाचा आधार असतो, बाकी सगळीकडे फट सोडलेली असते. कंपन-चाचणीत पॅनेल हलेल या भीतीने नवा डिझायनर नेमकी हीच फट बंद करतो.

एक गोष्ट राहिली. एलसीडीमधून बॅकलाइटचा, म्हणजे पॅनेलमागच्या दिव्यांचा, ५ ते ७ टक्केच उजेड बाहेर येतो. समोर १००० निट हवे तर मागे १५ ते २० हजार निट लागतात. ही सगळी उष्णता मागच्या धातूतून बाहेर जाईल अशी वाट आधी आखा, पॅनेल नंतर निवडा.

प्रश्न : हेलिकॉप्टरमध्ये नव्याने बसवलेला एक पडदा दिवसा उत्तम दिसतो. रात्री उजेड अगदी कमी केला की लुकलुकतो, आणि नाइट व्हिजन गॉगल घातले की सगळे धुरकट होते. पडद्यावर हिरवी फिल्म लावून भागेल का?
– विमान देखभाल अभियंता, जुहू, मुंबई

हे दोन वेगळे आजार आहेत.

लुकलुकण्याचे आधी. दिवसाचे १००० निट आणि गॉगलसह उड्डाणासाठी ०.१ निट धरले तर प्रमाण १०,००० ला १ होते. एलईडीचा करंट कमी करून उजेड उतरवला तर रंग बदलतो, म्हणून एलईडी वेगाने चालू-बंद करून सरासरी उजेड कमी करतात. सेकंदाला २४० वेळा चालू-बंद केले तर एक आवर्तन ४,१६७ मायक्रोसेकंदांचे. त्याचा दहा हजारावा भाग म्हणजे ०.४ मायक्रोसेकंद. एलईडीला करंट देणाऱ्या साध्या ड्रायव्हर सर्किटला करंट वर चढवायलाच काही मायक्रोसेकंद लागतात. मग एखादा ठोका अर्धवट लागतो, एखादा लागतच नाही, आणि ते डोळ्याला दिसते. यावर उपाय मिश्र पद्धतीचा : करंट दहापट खाली आणायचा आणि ठोक्याची रुंदी हजारपट. शिवाय ठोक्यांची वारंवारिता पॅनेलच्या फ्रेमला बांधलेली हवी. पॅनेल ६० हर्ट्झचे असेल तर १८० किंवा २४० हर्ट्झ, तेही फ्रेमच्या सुरुवातीच्या सिग्नलशी जुळवून. दोन्ही आपापल्या घड्याळावर सोडले तर पडद्यावरून फिकट पट्टे हळूहळू सरकताना दिसतात. तुमच्याकडे लुकलुकण्यासोबत पट्टेही सरकत असतील तर कारण हेच.

गॉगलचे दुखणे तरंगलांबीचे आहे. गॉगल लाल आणि त्यापुढचा अवरक्त प्रकाश हजारो पटींनी वाढवतात. पांढऱ्या एलईडीत लाल रंगाचे शेपूट असतेच. ते गॉगलमध्ये शिरले की गॉगल स्वतःची संवेदनशीलता उतरवतात आणि बाहेरचे डोंगर, विजेच्या तारा दिसेनासे होतात. वर्ग 'अ' चे गॉगल ६२५ नॅनोमीटरच्या पुढचे बघतात, वर्ग 'ब' चे ६६५ च्या पुढचे. तुमच्याकडे कुठले आहेत त्यावर फिल्टर ठरतो. समोरून हिरवी फिल्म लावली तर दिवसाचा उजेड जाईल आणि इशाऱ्याचा लाल रंग तपकिरी होईल. लाल म्हणजे धोका आणि पिवळट-नारिंगी म्हणजे सावधगिरी हे नियमाने ठरलेले असल्यामुळे तो पडदा तिथेच नापास होतो.

योग्य रचनेत बॅकलाइटमध्येच एलईडींच्या दोन माळा असतात. दिवसाची माळ भरपूर उजेडाची, फिल्टरविना. रात्रीची माळ कमी उजेडाची, फिल्टरमागे. गॉगलचे बटण दाबले की पहिली पूर्ण बंद. तुमच्या पडद्यात दुसरी माळ नसेल तर बाहेरून कितीही फिल्म चिकटवल्या तरी काम होणार नाही. आणि प्रमाणित विमानातल्या पडद्यावर परवानगीशिवाय काही चिकटवणे हा तसाही देखभालीच्या नियमांत न बसणारा प्रकार आहे.

प्रश्न : पोलरॉइड गॉगल घालून उड्डाण करू नका असे प्रशिक्षक सांगतात. कारण काय?
– शिकाऊ वैमानिक, गोंदिया

एलसीडीतून निघणारा प्रकाश आधीच एका दिशेने ध्रुवित असतो. गॉगलची दिशा त्याला आडवी आली की पडदा काळा. पुढचा पोलरायझर (एकाच दिशेचा प्रकाश जाऊ देणारी फिल्म) ४५ अंशांत असलेल्या पॅनेलवर सरळ बघताना पडदा निम्मा मंद दिसतो आणि मान एका बाजूला कलवली की गायब होतो. पोलरायझर सरळ रेषेत असलेले पॅनेल आडवे ठेवले तर दिसते, उभे केले की नाही. खात्री करायची तर गॉगल डोळ्यांसमोर धरून फोन ९० अंशांत फिरवून बघा. पडद्याच्या पुढे पाव-तरंग फिल्म बसवली की हा दोष जातो आणि काही पडद्यांत ती असते. पण गॉगलमुळे ताणलेल्या ॲक्रिलिक खिडक्यांत इंद्रधनुषी पट्टे दिसतात आणि दुसऱ्या विमानाच्या पंखावरची चकाकीही हरवते. त्याला पडद्यात उपाय नाही. प्रशिक्षकांचे ऐका.

प्रश्न : इथे हिवाळ्यात उघड्यावर ठेवलेल्या छोट्या विमानात सकाळी पडदा चालू केला की आकडे एकमेकांत मिसळल्यासारखे दिसतात, वीस मिनिटांनी ठीक होते. पॅनेल खराब झाले आहे का?
– वाचक, विनिपेग, कॅनडा

नाही, पॅनेल गारठले आहे. एलसीडीतला द्रवस्फटिक थंडीत घट्ट होतो. खोलीत काही मिलिसेकंदांत वळणारे रेणू उणे २०-२५ अंशांत शेकडो मिलिसेकंद घेतात. आधीचा आकडा पुसला जायच्या आत नवा उमटतो.

आकडे धूसर होणे त्रासदायक आहे, पण खरा धोका विमान किती कलले ते दाखवणाऱ्या क्षितिजरेषेत आहे. विमान कलल्यापासून पडद्यावर ते दिसेपर्यंतचा विलंब सुमारे १०० मिलिसेकंदांच्या आत असावा, असे अमेरिकी मार्गदर्शन आहे. त्यात संवेदक, गणित, चित्र काढणे आणि पॅनेल हे सगळे आले. पॅनेलनेच तीनशे खाल्ले तर वैमानिक जुन्या चित्राकडे बघून दुरुस्ती करतो, मग ती उलट करतो आणि विमान डोलायला लागते.

मोठ्या विमानांच्या पडद्यांत द्रवस्फटिकामागे पारदर्शक वाहक लेपाची तापकाच असते. तिच्यात वीज सोडून काही मिनिटांत पॅनेल उबदार करतात. तापकाचेच्या तापमापकाला मात्र जोडीदार हवा. एकटा तापमापक बिघडला आणि तापकाच चालूच राहिली तर द्रवस्फटिक स्वतःची रचना सोडून साधा द्रव होतो आणि पडद्याच्या मध्यावर काळा डबका पसरतो. उन्हात बंद उभ्या विमानातही हे होते. थंड झाल्यावर डबका निघून जातो. परत न येणारे नुकसान पोलरायझरचे. आयोडीनचा पोलरायझर उष्ण-दमट हवेत कडेने फिका पडतो, रंगद्रव्याचा जास्त टिकतो पण थोडा उजेड खातो. मुंबई-गोव्याच्या हवेत चालवायचे असेल तर दुसरा घ्यावा.

तुम्ही करायचे ते एवढेच : इंजिनासोबत केबिनही आधी उबदार करा, आणि आकडे स्वच्छ बदलू लागल्याशिवाय उड्डाण करू नका.

प्रश्न : पडदा काळा झाला तर कळते. पण चित्र तसेच थिजून राहिले तर? आम्ही सॉफ्टवेअरमध्ये वॉचडॉग (प्रोग्राम अडकला की ओळखणारी सोय) घालतो, तेवढे पुरते का?
– सॉफ्टवेअर अभियंता, हिंजवडी

पुरत नाही, आणि नव्या पॅनेलांमध्ये तर अजिबात पुरत नाही.

आधी तीव्रता समजून घ्या. एक पडदा काळा झाला तर वैमानिक शेजारचा बघतो, नाहीतर राखीव उपकरण बघतो. दोन्ही वैमानिकांच्या मुख्य पडद्यांवर एकाच वेळी चुकीचे पण खरे वाटणारे क्षितिज दिसले तर ढगात विमान उलटेपर्यंत दोघांनाही कळणार नाही. म्हणून मोठ्या विमानात याची शक्यता उड्डाणाच्या प्रत्येक तासाला एक अब्जांशापेक्षा कमी असल्याचे दाखवावे लागते. सॉफ्टवेअरसाठी डीओ-१७८सी आणि इलेक्ट्रॉनिक्ससाठी डीओ-२५४ या मानकांची सर्वांत कडक पातळी इथे लागू होते ती त्यामुळेच.

आता बाजारातल्या पॅनेलकडे या. लॅपटॉपच्या पॅनेलमध्ये वीज वाचवण्यासाठी एक सोय असते. चित्र बदलत नसेल तर पॅनेल शेवटची फ्रेम स्वतःच्या मेमरीत ठेवते आणि तीच दाखवत राहते, ग्राफिक्स चिप झोपू शकते. लॅपटॉपसाठी हे छानच. कॉकपिटमध्ये ग्राफिक्स चिप मेली तरी पॅनेल सरळ, स्वच्छ, स्थिर क्षितिज दाखवत राहील. सॉफ्टवेअरचा वॉचडॉग प्रोसेसरमध्ये बसून प्रोसेसरकडेच बघतो, त्याला काचेवर काय दिसते ते ठाऊकच नाही.

म्हणून पॅनेलचे टायमिंग बोर्ड (आलेले चित्र पिक्सेलपर्यंत पोचवणारे सर्किट) काढून फ्रेम-मेमरी नसलेले, स्वतः तयार केलेले बोर्ड बसवणे हा स्वच्छ मार्ग. तो परवडत नसेल तर निदान ती सोय बोर्डाच्या सेटिंगमधून बंद करा आणि वीज गेल्या-आल्यावर ती परत चालू होत नाही, हे तपासा. चित्र 'सुधारणाऱ्या' सगळ्या सोयीही काढा. चित्र काळोखे असले की बॅकलाइट आपोआप मंद करणारी सोय रात्रीच्या काळ्या पडद्यावरचा एकुलता एक इशाराही मंद करते.

नंतर वेगळा पहारेकरी. प्रत्येक फ्रेमच्या कोपऱ्यात, चौकटीखाली झाकलेल्या काही पिक्सेलमध्ये दर फ्रेमला बदलणारा नमुना काढायचा. पॅनेलच्या तोंडाशी असलेली स्वतंत्र चिप, जिला स्वतःचे घड्याळ आणि स्वतःचा वीजपुरवठा आहे, तो नमुना वाचते. तीच चिप संवेदकाकडून कल थेट घेते, क्षितिजरेषा कुठे असायला हवी ते काढते आणि व्हिडिओमध्ये त्या जागी खरोखर रेषा आहे का ते पाहते. नमुना काही फ्रेम बदलला नाही किंवा रेषा जुळली नाही, तर बॅकलाइट तोडायचा. त्यावर लाल फुली काढत बसायचे नाही. फुली ही संवेदकाची माहिती आली नाही हे सांगण्यासाठी आहे आणि ती निरोगी पडद्याने काढायची असते. आजारी पडद्याच्या हाती पेन द्यायचे नाही.

चाचणी साधी आहे आणि तरी टाळली जाते. पडदा चालू असताना ग्राफिक्स चिपचे घड्याळ डीबगरने थांबवा आणि पडदा काळा व्हायला किती वेळ लागतो ते ऑसिलोस्कोपवर मोजा. नंतर पॅनेलकडे जाणारी केबल उपटा. शेवटी पुरवठ्याची वीज सेकंदाच्या पाचव्या हिश्शासाठी तोडून जोडा. जनरेटर बदलताना विमानात असे होतेच. तिन्ही वेळा काचेवर काय उरते ते डोळ्यांनी बघा, लॉगवर विसंबू नका.

प्रश्न : ओएलईडीचा काळा रंग एलसीडीपेक्षा कितीतरी चांगला. मग कॉकपिटमध्ये अजून एलसीडीच का? मायक्रो-एलईडी येणार का?
– वाचक, कोल्हापूर

ओएलईडी (यात प्रत्येक पिक्सेल स्वतःच उजेड देतो, मागे बॅकलाइट नसतो) कॉकपिटमध्ये पोचले आहे, पण वैमानिकाच्या डोक्यावरून. एफ-३५ लढाऊ विमानात समोर वेगळा हेड-अप डिस्प्ले (बाहेर बघतानाच नजरेसमोरच्या काचेवर माहिती दाखवणारे उपकरण) नाही, सगळी माहिती हेल्मेटच्या काचेवर येते. त्यात आधी एलसीडी होते. काळ्याकुट्ट रात्री विमानवाहू नौकेवर उतरताना एलसीडीच्या बॅकलाइटची हिरवट गळती नौकेचे मंद दिवे झाकत असे. ओएलईडीचा बंद पिक्सेल खरोखरच बंद असतो, म्हणून हेल्मेटमध्ये ते आणले गेले.

समोरच्या मोठ्या पडद्याचे गणित वेगळे. वेग आणि उंचीच्या पट्ट्यांच्या चौकटी, आकड्यांच्या खिडक्या, वरचा अर्धा निळा : हे चित्र जवळपास तसेच राहते. प्रवासी विमान वर्षाला ३ ते ४ हजार तास उडते, म्हणजे दहा वर्षांत ३० ते ४० हजार तास. ओएलईडीतला निळा सर्वांत आधी थकतो आणि इथे निळाच सतत चालू. वरून ऊन आणि उष्णता. चौकटींचे भूत पडद्यावर कोरले जाते. शिवाय पूर्ण पडदा उजळला की ओएलईडी उजेड खाली आणते, आणि आपल्याला तो भर उन्हात खाली आलेला चालत नाही.

मायक्रो-एलईडी उजेड आणि आयुष्य दोन्ही देते. अडचण ते जोडण्यात आहे. १९२० गुणिले १२०० पिक्सेल म्हणजे लाल-हिरवे-निळे मिळून ६९,१२,००० एलईडी, उचलून काचेवर नेमके ठेवायचे. ९९.९९ टक्के नीट बसले तरी ६९१ मेलेले राहतात. ९९.९९९९ टक्के बसले तर सात. टीव्हीवर सात ठिपके कोणी मोजत नाही. इथे एक पेटून राहिलेला ठिपका आकड्यांमध्ये दशांशचिन्ह होऊन बसतो. त्यामुळे आधी हेल्मेट आणि हेड-अप डिस्प्लेचे छोटे एकरंगी चित्रस्रोत, मग कधीतरी मोठे पडदे, असा क्रम आम्हाला दिसतो.

प्रश्न : टचस्क्रीन आले म्हणतात. हादऱ्यांत बोट कसे टेकणार?
– वाचक, ठाणे

आले आहेत. गल्फस्ट्रीम जी-५०० ला २०१८ मध्ये प्रमाणपत्र मिळाले, त्यात टचस्क्रीनवर बरेच काम चालते. एअरबस ए-३५० वर ते २०१९ पासून पर्याय म्हणून मिळतात. बोटाची सोय म्हणून कडेला जाड चौकट ठेवतात, बाकीची बोटे तिच्यावर टेकवून एकाने दाबायचे. बटणे दीड-दोन सेंटिमीटरची, आणि क्रिया बोट टेकल्यावर न होता उचलल्यावर होते, म्हणजे चुकीच्या जागी पडलेले बोट सरकवून बाहेर नेता येते. जे तातडीने लागते त्याला खरी कळ ठेवतातच.

कमी बोलले जाणारे दुखणे वेगळे आहे. फोनसारख्या कपॅसिटिव्ह टचची काच काहीशे किलोहर्ट्झवर स्पंदत असते, आणि जुन्या दिशादर्शक एडीएफ रेडिओचे पट्टेही तिथलेच. टच चालू केले की एडीएफची सुई भरकटू शकते. उलट, विमानाच्या लांब पल्ल्याच्या एचएफ रेडिओवर बोलायला सुरुवात केली की काचेला कोणीतरी स्पर्श केल्याचा भास होतो. डीओ-१६० च्या विभाग २० आणि २१ मध्ये, म्हणजे रेडिओ-लहरींच्या चाचण्यांत, पहिल्या खेपेला नापास होण्याचे हे एक नेहमीचे कारण.

प्रश्न : जुन्या विमानांतले चौकोनी पडदे बदलायचे तर आता चौकोनी पॅनेलच कोणी बनवत नाही. मग करतात काय?
– निवृत्त तंत्रज्ञ, ओझर (नाशिक)

हा प्रश्न ओझरहून यावा हे साहजिकच, सुखोई-३० एमकेआय तिथेच तयार झाली. विमान ३०-४० वर्षे चालते, बाजारातले पॅनेल दोन-तीन वर्षांत उत्पादनातून जाते. १९८८ च्या ए-३२० मध्ये पिक्चर ट्यूबचे सहा पडदे होते, १९९५ च्या बोइंग ७७७ मध्ये सुमारे ८ इंच चौरस एलसीडी, ७८७ मध्ये १५ इंची आडवे. बाजार टीव्ही-लॅपटॉपच्या आकारांकडे गेला आणि चौकोन मागे राहिला.

तीन वाटा आहेत. पॅनेल बंद होण्याआधी पुढच्या सगळ्या वर्षांचा साठा विकत घेणे. पण साठ्यातही पोलरायझर म्हातारा होतो, तो कोरड्या हवेत ठेवावा लागतो. दुसरी, दोन शेजारचे चौकोन काढून तिथे एक आडवा पडदा बसवणे. यात पॅनेल स्वस्त पण डॅशबोर्ड, वायरिंग आणि प्रमाणपत्र महाग. तिसरी ऐकायला विचित्र : आडवे पॅनेल कापून चौकोनी करणे. पिक्सेल चालवणाऱ्या ड्रायव्हर चिप असलेल्या कडा तशाच ठेवून उरलेली बाजू हिऱ्याच्या चाकाने कापतात, जादा द्रवस्फटिक पुसतात, दोन काचांमधले अंतर धरून ठेवत कड गोंदाने बुजवतात. हे फक्त एका बाजूने चालवलेल्या पॅनेलवर जमते. हल्लीच्या बऱ्याच पॅनेलांत दोन्ही कडांवर काचेतच ड्रायव्हर कोरलेले असतात, तिथे कापले की संपले. कापल्यानंतर कडेतून हवा शिरली तर तिथे बुडबुडा दिसतो, म्हणून कापलेल्या प्रत्येक पॅनेलला उष्ण-थंड चक्रातून काढल्याशिवाय पुढे पाठवत नाहीत.

बाजारू पॅनेलच्या बोर्डावरची जोडणीही तपासा. शिसेरहित शुद्ध कथिलाच्या मुलाम्यातून वर्षानुवर्षे केसासारख्या बारीक तारा उगवतात आणि शेजारच्या टोकाला जाऊन शॉर्ट होतात. बोर्डावर संरक्षक लेप द्यायचा तो ओलाव्यासाठी, आणि यासाठीही.

आपल्याकडचे म्हणाल तर तेजसचा हेड-अप डिस्प्ले चंडीगडच्या सीएसआयओ या सरकारी प्रयोगशाळेने विकसित केला. घरगुती टीव्हीच्या पिक्चर ट्यूब बनवणाऱ्या सॅमटेल समूहाने सुखोई-३० चे पडदे तयार करण्यापर्यंत मजल मारली. लष्करी विमानात असा कोणताही बदल बंगळुरूच्या सेमिलॅक या लष्करी उड्डाणयोग्यता संस्थेच्या मान्यतेशिवाय होत नाही, नागरी विमानात तो अधिकार नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा (डीजीसीए).

प्रश्न : मग सरळ टॅबलेटच लावला तर?
– वाचक, औंध, पुणे

नकाशे आणि तक्ते बघायला लावतातच, परवानगी घेऊन. पण तो विमानाचा पडदा ठरत नाही, सोबत आणलेली वस्तू ठरतो. आयपॅडची वापराची कमाल मर्यादा ३५ अंश आहे. मे महिन्यात धावपट्टीवर काचेमागे धरलेला टॅबलेट उड्डाणाआधीच 'थंड होऊ द्या' म्हणून बंद पडेल. दाबयुक्त केबिनमध्ये वापरायचा तर अचानक दाब गेल्यावर त्याची बॅटरी काय करते, याची चाचणी लागते. बसवताना दोन गोष्टी बघा : कंट्रोल पूर्ण मागे आणि पूर्ण बाजूला नेल्यावर तो कुठे अडत नाही ना, आणि त्याच्या आवरणातली लोहचुंबके होकायंत्रापासून पुरेशी लांब आहेत ना. दुसरे तपासायला आवरण हातात धरून होकायंत्राकडे हळूहळू न्या. सुई हलायला लागेल तिथून बरेच मागे माउंट लावा.